शिळा डेटा ओतून देण्याबाबत

जी गोष्ट मोजता येते ती सुधारता येते, आणि जी मोजता येत नाही ती मुळात नसतेच, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य झाले आहे. (ज्यांना मोजले जाते त्यांचे याबाबतचे मत मोजण्याची सोय अद्याप नाही, सबब ते मतही नाही.) ताप मोजल्याने उतरतो, वजन मोजल्याने घटते, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली की मूल वाढते. मी स्वतः दर रविवारी रेघ मारते. रविवार-बुधवार मारली तर जास्त वाढते का, तेही पाहून झाले आहे.

याच तत्त्वावर श्रद्धा ठेवून 'विभागीय जाल-ऊर्जा काटकसर मंडळ' नावाच्या संस्थेने सोलापुरातल्या गृहनिर्माण सोसायट्यांसाठी एक स्पर्धा जाहीर केली. संगणकांच्या जाळ्यातून घरोघरी जो मजकूर येतो, म्हणजे मालिका, गाणी, बातम्या, शुभ सकाळचे गुलाब वगैरे, तो पोचवायला किती वीज लागते हे मोजायचे आणि कमी करायचे. प्रश्न अत्यंत गंभीर आहे. उदाहरणार्थ, आमच्या शेजारच्या शिवम्मा मला रोज सकाळी एक गुलाब पाठवतात. तो गुलाब त्यांच्या स्वयंपाकघरातून निघतो, समुद्राखालून जातो, कुठल्याशा थंडगार केलेल्या गोदामात टेकतो, तिथून परत फिरतो आणि माझ्या स्वयंपाकघरात उमलतो. आमच्या दोघींच्या मध्ये एक नऊ इंची भिंत आहे.

मंडळाने या प्रवासाचे तीन टप्पे केले होते: गोदाम, वाट आणि घर. पैकी गोदाम परदेशात आणि वाट कंपनीच्या ताब्यात असल्यामुळे काटकसरीची जबाबदारी घरावर येते, असे पत्रकात नम्रपणे म्हटले होते. (घरावर म्हणजे घरात जे माणूस दिवसभर असते त्याच्यावर, असे वाचावे.)

आमची मैत्री विहार सोसायटी कुंभारीच्या रस्त्याला आहे. चोवीस फ्लॅट, दोन विंगा, एक टाकी. पाणी पाचव्या दिवशी येते, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. सोसायटीने इंटरनेटची एकच मोठी लाईन घेऊन ती सगळ्या फ्लॅटांत वाटली आहे. तिचा मुख्य डबा पंपाच्या खोलीत, पाण्याच्या मोटारीच्याच बोर्डावर बसवला आहे, कारण कुलूप लागते अशी खोली तेवढी एकच. पुढे जे थोर कार्य घडले ते या एका कुलपामुळे.

सोसायटीचे अध्यक्ष उदयसिंह काका मूळचे सांगोल्याचे. उभी नोकरी पाटबंधाऱ्यात, कालव्यावर. ते निवृत्त झाले, पण कालवा त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. जिन्यात कोणाची बादली सांडली तर ते आधी उतार बघतात, मग माणूस.

"मोजायला शिकलेलं माणूस पाहिजे," सभेत काका म्हणाले. "आणि ते आपल्यात हाय. अंकिताताई. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधर."

"काका, पण माझं मूल लहान आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच की. घरीच असता."

बी.एस्सी., प्रथम श्रेणी ही माझी पात्रता आणि घरी असणे ही विशेष पात्रता धरून मला एकमताने 'मापन-सचिव' नेमण्यात आले. (एक मत माझे होते, ते धरून एकमत झाले नसते, म्हणून धरले नाही.) काकांनी माझ्या नवऱ्याला, धम्मदीपला, रीतीप्रमाणे विचारले, "तुमची काही हरकत?" धम्मदीप मोबाईलमध्ये होता. "हं," तो म्हणाला. टाळ्या झाल्या.

त्याच आठवड्यात आम्ही संघप्रियाला, म्हणजे आमच्या संघूला, डॉक्टरबाईंकडे नेले होते. संघू अडीच वर्षांची. तिला ऐकू उत्तम येते. फ्रीज उघडला की दोन खोल्या ओलांडून येते. सगळे समजते. पण बोलत नाही. 'आई' नाही, 'नको' नाही, 'दे' नाही. बोट दाखवते, आणि नाही कळले तर ते बोट आपल्या गालात खुपसते.

"घरात मोबाईल किती वेळ बघते?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"फक्त जेवताना," मी सांगितले.

"आणि जेवते किती वेळा?"

मी हिशेब करत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "नऊ बारी." आमच्या सासूबाईंचे नाव चांगुणाबाई. त्यांना खरे बोलायची सवय आहे, आणि ती मोडण्याच्या वयात त्या आता नाहीत.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "मोबाईल बंद करा आणि तिच्याशी बोला. तिच्या तोंडाकडं बघून, आणि तिला तुमच्या तोंडाकडं बघू देऊन. तीन महिन्यांनी या. तोवर एखादं वाक्य आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या तपासण्या." त्या 'पुढच्या' शब्दाला मी घर येईपर्यंत रिक्षात घट्ट धरून बसले होते. संघू माझ्या मांडीवर होती. तिला सासूबाईंनी धरले.

घरी येऊन मोबाईल बंद केला. त्याबरोबर संघूचे तोंडही बंद झाले. तिचे एक आवडते कार्टून आहे, त्यात एक निळा उंट दात घासतो. उंटाने तोंड उघडले की संघू तोंड उघडते आणि आपण घास घालायचा, अशी आमच्या घरातली अन्नपुरवठ्याची व्यवस्था आहे. उंट बंद तर वरणभात बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उंट पुन्हा दात घासू लागला. डॉक्टरबाईंचे ऐकायचे की मुलीला उपाशी ठेवायचे, हा प्रश्न मोजता येण्याजोगा नसल्यामुळे तो मुळात नव्हताच.

असो. मापन सुरू झाले.

पंपाच्या खोलीत जाऊन मी नेटच्या मुख्य डब्याला वीज मोजायचा मीटर लावला. दिवसभर मोजले. दुपारी, चोवीस घरांत चोवीस मालिका चालू असताना मोजले. मग काकांना विनंती करून तासभर कोणालाही नेट लावू दिले नाही, आणि मोजले. आकडा तोच. कोणी बघो अथवा न बघो, डबा तेवढीच वीज खातो. पुस्तकात हे वाचले होते. पण पुस्तकातले खरे निघाले की कसेसेच होते.

मी काकांना सांगितले. त्यांनी चष्मा चढवून मीटरचा आकडा स्वतः वाचला.

"म्हणजे वाहतं काहीच न्हाय, तरी खातो?"

"हो काका. याला रिकाम्या अवस्थेतला वीजवापर म्हणतात."

"आमी याला गळती म्हणतो," काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत कितीतरी वर्षांनी पाणी सोडल्यासारखे झाले. "ताई, कालवा बारमाही उघडा ठेवला की निम्मं पाणी मातीच पिती. म्हणून आवर्तन. पाळी लावायची! पाळी आली की दार पूर्ण उघडायचं, फुल्ल प्रेशरनं सोडायचं. पाळी संपली, दार बंद, गळती बंद."

तर्कात खोट काढता येत नव्हती. मजकुराच्या एका घागरीमागे वीज किती, असे माप असेल तर वीज कमी करावी आणि घागरी वाढवाव्यात. दोन्ही एकदम करण्याचा मार्ग म्हणजे डबा पाच दिवसांतून एकदाच, एक अख्खा दिवस, चालू ठेवणे. पाण्याच्याच दिवशी ठेवावा असे ठरले, कारण त्या दिवशी सोसायटीत कोणी कुठे जात नाही. मोबाईलचे स्वतःचे नेट वापरणार नाही अशी सर्वांनी शपथ घेतली. आमच्या भागात त्याची रेंज गच्चीवर टाकीच्या मागे एक पाऊल ठेवण्यापुरतीच येते, त्यामुळे शपथ पाळणे जड गेले नाही.

सचिव म्हणून मी ठरावाला शास्त्रीय अनुमोदन दिले. आई म्हणून माझे गणित वेगळे होते: मधले चार दिवस उंट नाही. ठराव काकांनी मांडला की डॉक्टरबाईंनी, असा मला क्षणभर संशय आला. मी हात सर्वांत आधी वर केला.

पहिली पाळी मंगळवारी आली. आमच्याकडे पाणी आल्याची खबर देण्याचे काम पूर्वापार शिवम्मांचे. त्यांचा आवाज अक्कलकोटच्या बाजूचा, उघड्या रानात घडलेला. "पाणी आलंऽऽ! नेटबी आलंऽऽ!" अशी आरोळी झाली आणि सगळ्या दारांतून हंडे आणि मोबाईल एकदम बाहेर आले.

आता, पाणी आल्यावर काय करायचे हे सोलापुरातल्या बाईला शिकवावे लागत नाही. आधी शिळे पाणी ओतून द्यायचे, भांडे विसळायचे, मग ताजे भरायचे. पाचव्या दिवशी येणारे पाणी, पण चार दिवसांचे उरलेले अर्धे पिंप डोळे मिटून ओतून देतो आम्ही. त्याशिवाय ताजे भरल्याचे समाधान नाही. शिवम्मा एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन माझ्या दारात आल्या.

"अंकिता, ह्येच्यात गेल्या हप्त्याचं हाय अजून. त्याच्यावरच नवं भरू काय गं? वास मारंल की."

हसू नये. मी स्वतः कालच्या घागरीवर आजचे पाणी कधी ओतलेले नाही. मी म्हणाले, "ओतून द्या." बोलून गेले खरी, पण सचिवाचे बोलणे म्हणजे नियम असतो. दुपारपर्यंत चोवीस घरांतल्या बायकांनी आपापले मोबाईल पार रिकामे करून, पदराने पुसून, ताजे भरून ठेवले. संध्याकाळी काकांनी पत्रक काढले:

एक. पाळी येताच शिळा डेटा ओतून द्यावा व भांडे कोरडे करून मगच भरावे.

दोन. कोणतेही भांडे रिकामे ठेवू नये. वापरात नसलेले, काच फुटलेले, लहान मुलांनी चावलेले मोबाईलही भरावेत.

तीन. ओतून देण्यापूर्वी डेटा शक्यतो संपवावा. अन्नाप्रमाणेच मजकूर टाकणे हे पाप आहे.

चार. पुढच्या विंगेने आधी भरून घेतल्यास मागच्या विंगेला धार बारीक होते. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेताला पाणी पोचत नाही ही जुनी तक्रार आहे. ती इथे खपवून घेतली जाणार नाही.

यातला तिसरा नियम सर्वांत परिणामकारक ठरला. पूर्वी माणसे हवे तेव्हा, हवे तेवढे बघत. आता भरलेले पाचव्या दिवसाच्या आत संपवणे हे कर्तव्य झाले. सासूबाई आयुष्यात मालिकेच्या वाटेला गेल्या नव्हत्या; त्या पाट मांडून बसू लागल्या.

"आई, दुखतील डोळे. राहू द्या आता," मी म्हणायची.

"अगं चौदा भाग हायत अजून. उद्या शिळं व्हतंय. टाकायचं व्हय एवढं?"

लहानपणी त्यांनी दुष्काळ पाहिलेला. ताटात टाकणे त्यांना माहीत नाही.

घरोघर शेजारधर्म वाढला, हाही एक फायदा नोंदवला पाहिजे. वाटीभर साखर मागायला येणाऱ्या शिवम्मा आता मोबाईल घेऊन येत. "दोन भाग दे गं उसने, पाळीला परत देते." परत देताना एखादा भाग जास्तच देत, भरल्या घरात मोजून देऊ नये म्हणतात. ज्यांचे मधेच संपे त्यांच्यासाठी नवी पेठेतल्या एका दुकानातून स्कूटरवर एक मनुष्य भरलेली हार्ड डिस्क घेऊन येऊ लागला. त्याला सगळे टँकर म्हणत. टँकर आला की काका खाली जाऊन नुसते बघत उभे राहत. सांगोल्याची आठवण येते म्हणत. (टँकरचे पेट्रोल हिशेबात धरलेले नाही. तो जाळ्यातून येत नाही, रस्त्यावरून येतो.)

आणि उंट?

उंटाबाबत माझ्या अनुमानात किरकोळ त्रुटी राहिली. लेकीची आबाळ होऊ नये म्हणून धम्मदीपने पहिल्याच पाळीला तीन जुन्या मोबाईलमध्ये काठोकाठ उंट भरून ठेवला. पूर्वी नेट हळू असले की उंट मधेच अडकायचा, ब्रश तोंडातच राहायचा, पडद्यावर गोल फिरत राहायचे. तेवढ्यात संघू मान वर करून आपल्याकडे बघायची. दिवसातून पाच-सात वेळा तरी ती असे बघायची. भरून ठेवलेला उंट अडकत नाही.

मी हे टिपले. त्यासाठी मीटर लागत नाही.

तीन पाळ्यांनंतर आकडे आले. वीजवापर पाचव्या हिश्श्यावर. घरोघरी पोचलेला मजकूर सातपट. म्हणजे मजकुराच्या एका घागरीमागे लागणारी वीज पूर्वीच्या पस्तिसाव्या हिश्श्यावर आली. इतकी सुधारणा मला पदवीच्या प्रात्यक्षिकात आकडे बनवूनही आणता आली नव्हती.

"काका, एक शंका आहे," मी म्हणाले. "मजकूर मोबाईलपर्यंत पोचला हे खरं. पण माणसापर्यंत किती पोचला? निम्मा तर ओतूनच देतात."

"ताई," काका समजुतीने म्हणाले, "पाणी कालव्याच्या तोंडाशी मोजायचं असतं. शेतात काय उगवलं ते शेतकी खात्यानं बघावं."

पुढे दोन महिन्यांनी मंडळाकडून तपासणीस आले ते चन्नवीर साहेब. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, बोलणे मृदू. पंपाची खोली पाहून, मीटर पाहून, 'नमुना घर' म्हणून ते आमच्याकडे आले. मी चहा ठेवायला आत गेले, पण कान बाहेर होते. कान बाहेर ठेवणे हा मातृत्वाचा भाग आहे.

साहेबांनी धम्मदीपला विचारले, "या पाळीपद्धतीचा काही त्रास?"

"हं," धम्मदीप म्हणाला. त्याचा क्रिकेटचा सामना दुपारपर्यंत शिळा होणार होता.

मग सासूबाईंना. "आजी, तब्येत बरी ना?"

"हं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे तीन भाग उरले होते.

साहेब मग खाली, सतरंजीवर बसलेल्या संघूसमोर वाकले. "बाळा, नाव काय गं तुझं?"

आणि संघूने उंटावरून नजर न काढता उत्तर दिले.

"हं."

धम्मदीप उठून उभा राहिला. "बोलली! अंकिता, ती बोलली!" सासूबाईंनी हातातला मोबाईल चक्क उलटा ठेवला. "बोलली गं माजी बाय!" म्हणत त्या मीठमोहऱ्या आणायला आत धावल्या. मी चहाचे भांडे तसेच घेऊन बाहेर आले. मला रडू येणार होते, आणि आलेही असते. पण साहेबांनी पुन्हा विचारले, "आवडतो का उंट?" आणि ती पुन्हा म्हणाली, "हं." आता मी नीट ऐकले. सूर धम्मदीपचा होता, शेवटी जरा खाली बसणारा. आणि प्रश्न संपल्यावर उत्तर यायला जो वेळ लागला तो माझा. दोन्ही घराण्यांचे गुण उतरले आहेत.

चन्नवीर साहेबांना मात्र गहिवरून आले. "मॅडम, मी आत्तापर्यंत पन्नास सोसायट्या बघितल्या. हा प्रकार कुठंच न्हाय बघा. एक अक्षर. कुठल्याबी प्रश्नाला चालतं. परत पाठवावं लागत न्हाय, आणि डोळेसुद्धा उचलावे लागत न्हाईत. आणि अडीच वर्षांच्या मुलीपर्यंत पोचवलंय तुम्ही हे!"

आम्हाला 'ऊर्जाक्षम कुटुंब' म्हणून प्रमाणपत्र मिळाले. काकांनी ते फ्रेम करून जिन्यात लावले. हे साध्य कसे झाले याचा सविस्तर अहवाल मी लिहावा, असा मंडळाचा आग्रह पडला.

यानंतरच्याच पाळीला पाण्याची मोटार सुरू होताना बोर्डावर ठिणगी उडाली आणि शेजारचा नेटचा डबा जळाला. "कालवा फुटला," एवढेच काका म्हणाले आणि खाली बसले. नियम पाळणाऱ्या सोसायटीवर अशा वेळी फार वाईट प्रसंग येतो. आरोळी ऐकल्याबरोबर सगळ्यांनी शिळे ओतून दिले होते, आणि ताजे आलेच नाही. चोवीस घरांत सगळी भांडी एकदम कोरडी. टँकरवालाही नेमका लग्नाला गावी गेलेला.

पहिल्या दिवशी संघू जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिला घेऊन गॅलरीत बसल्या आणि घास हातात धरून बोलत राहिल्या. त्यांच्याजवळ उंट नव्हता. जे होते तेच त्या बोलल्या. "पाणी कवा येणार गं? कुटनं येणार? पाइपातनं येणार. नळ काय म्हणणार? फुस्स म्हणणार. मग पाणी येणार." संघू त्यांच्या तोंडाकडे बघायची. 'फुस्स'ला तोंड उघडायची, घास आत. मी लांबून बघत होते आणि आत अहवाल लिहीत होते. अहवाल महत्त्वाचा होता. त्यात मी काटकसरीबरोबरच संघूच्या बोलण्याची टाचणे जोडायचे ठरवले होते. डॉक्टरबाईंची तारीख आठ दिवसांवर आली होती आणि मला काहीतरी मोजलेले घेऊन जायचे होते.

पाण्याच्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसले होते. प्रकरण शेवटचे: 'अखेरच्या टप्प्यातील गळती'. मजकूर घरापर्यंत येतो, पण शेवटच्या काही पावलांत कुठे जिरतो, असा तो विषय. चांगले जमत होते. मधे कोणीतरी माझा कुडता ओढला असावा. मी काहीतरी म्हणाले असावे.

मग दार वाजले नाही, उघडलेच. शिवम्मा आत आल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, दोन्ही हात ओले.

"यव्वा! कानात बोळे घातलीस काय गं? पोरगी कवापास्नं ओरडायलीय तिकडं!"

"कोण पोरगी?"

"कोण म्हणजे? तुझी की! 'आई, पाणी आलं, आई, पाणी आलं!' आज मी आरोळी द्यायच्या आधी तिनं दिली. माझी दोन पिंपं भरून झाली तिच्यावर, आणि तू हितं बसलीस टकटक करत!"

मी वळून बघितले. मोरीच्या उंबऱ्यावर संघू उभी होती. हातात तिची खेळातली वाटी, फ्रॉक पोटापर्यंत भिजलेला, नळ फुस्स करून आता पूर्ण धारेने वाहत होता आणि पाणी माझ्या पायाशी आले होते. सासूबाई खाली दूध आणायला गेल्या होत्या, धम्मदीप गच्चीवर टाकीच्या मागे एका पावलावर उभा होता. घरात दुसरे कोणी नव्हते. ती मलाच सांगत होती.

मी गुडघ्यांवर बसले. तिच्या तोंडाकडे बघून, आणि तिला माझ्या तोंडाकडे बघू देऊन, अगदी डॉक्टरबाईंनी सांगितले तसे, मी म्हणाले, "काय म्हणालीस बाळा? पुन्हा म्हण ना. काय आलं?"

संघूने माझ्याकडे नीट बघितले. मग वाटीत बघितले.

"हं," ती म्हणाली.

अहवालाचे शेवटचे प्रकरण मी त्याच दिवशी पूर्ण केले. ते असे: 'सदर मजकूर तीन शब्दांचा होता. वीजवापर शून्य; इंधन अर्धे बिस्कीट. मजकूर नऊ इंची भिंत ओलांडून शेजारच्या घरात स्पष्ट पोचला. दोन हातांवर पोचला नाही. सबब अंतर हे गळतीचे कारण दिसत नाही. टेल मागच्या विंगेत असल्याची समजूतही तपासून पाहावी.' मंडळाने ते प्रकरण विषयाला सोडून असल्याचे कळवून गाळले.

ठरल्या तारखेला डॉक्टरबाईंकडे गेलो.

"आलं का एखादं वाक्य?"

"आलं," मी म्हणाले. "'आई, पाणी आलं.'"

"अरे वा, तीन शब्द! मग पुढच्या तपासण्यांची घाई नको. दोन महिन्यांनी बघू." माझ्या हातातून काहीतरी सुटले, ते रिक्षापासून धरलेले होते. मग डॉक्टरबाईंनी संगणकावर टिपता टिपता विचारले, "छान. आणि ती असं म्हणाल्यावर तुम्ही तिला काय म्हणालात?"

मी सासूबाईंकडे बघितले. बघायला नको होते.

"शिवम्मानं भिंतीपल्याडनं ऐकलंय," सासूबाई म्हणाल्या. "'हं' म्हणाली आमची सून."

"हं," डॉक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

डबा आता दुरुस्त झाला आहे. पाळी रद्द करावी असा अर्ज मी दिला होता. तो विचाराधीन आहे. मंडळाने सर्वेक्षणाची व्याप्ती वाढवली असून आता वाचकांचीही पाहणी होणार आहे. पद्धत सोपी आहे, उपकरण लागत नाही. हा मजकूर तुम्ही वाचायला घेतल्यापासून आत्तापर्यंत तुमच्या आसपासचे कोणीतरी तुम्हाला निदान एकदा काहीतरी म्हणाले आहे. तुम्ही त्याला उत्तरही दिले आहे. काय दिले ते आम्हाला माहीत आहे. त्याने काय विचारले होते, तेवढेच कळवा. आठवत नसेल तर हार्दिक अभिनंदन. तुमचे प्रमाणपत्र तयार आहे, फक्त त्यावर नाव घालायचे राहिले आहे.

काय नाव म्हणालात?